उरलेल्या बॅलन्सचे दान कोणी करायचे?

आई गेली तेव्हा तिच्या बटणांच्या साध्या फोनवर १६३ रुपये ४० पैसे शिल्लक होते. आम्ही दोघे भावंडे आपापल्या गावाहून, एकमेकांना न सांगता, तिच्या नंबरवर टॉप-अप मारत असू. ती मात्र स्वतःहून फोन लावून पैसे घालवणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे बॅलन्स साचत गेला. दिवसकार्य उरकल्यावर तो फोन कपाटात ठेवला आणि तिथेच राहिला. सहावा महिना संपत आला तेव्हा सिम बंद करून टाकावे म्हणून मी तो चार्ज केला, तर एकापाठोपाठ तीन मेसेज आले: नंबर चालू ठेवण्यासाठी २० रुपये वजा, पुन्हा २० रुपये वजा, पुन्हा २० रुपये वजा. आता १०३ रुपये ४० पैसे उरले होते. मृत्यूचा दाखला घेऊन मी कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने अदबीने सांगितले, की प्रीपेडचा बॅलन्स परत मिळत नाही. मी म्हणालो, मला परत नको. आई ज्या वाचनालयाची तीस वर्षे वर्गणीदार होती त्या वाचनालयाला तेवढे पैसे द्या. तिने संगणकाच्या पडद्यावर खरोखरच शोधून पाहिले आणि म्हणाली, “सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही.”

तो पर्याय का नसावा आणि कोणत्या अटींवर असावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. रक्कम किरकोळ होती, हे मला मान्य आहे. परंतु देशात सुमारे ११५ कोटी मोबाईल जोडण्या आहेत आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक प्रीपेड आहेत, म्हणजे ज्यांचे पैसे आधी घेतले जातात आणि सेवा नंतर दिली जाते अशा आहेत. आधी पैसे घेणाऱ्याकडे काही ना काही उरतेच. हे उरलेले पैसे धर्मादाय कामासाठी वळवावेत, अशी सूचना अधूनमधून कोणीतरी करते आणि ऐकणाऱ्याला ती लगेच पटते. मलाही पटते. मात्र ‘हे पैसे नेमके कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर त्याआधी मिळायला हवे, आणि ते उत्तर टाळून केलेली कोणतीही दानाची योजना मला मान्य होणार नाही.

आधी, काय उरते ते पाहू. दहा रुपयांचा टॉप-अप मारला की ७ रुपये ४७ पैशांचा टॉकटाइम मिळतो, हे आपल्याला अंगवळणी पडले आहे. हिशेब असा: १८ टक्के जीएसटीचे १ रुपया ५३ पैसे जातात, १ रुपया प्रक्रिया शुल्काचा जातो, आणि उरतात ते हे ७ रुपये ४७ पैसे. सरकारचा वाटा सरकारला पोहोचलेला असतो, कंपनीने आपले शुल्क वेगळे काढून घेतलेले असते. मेन बॅलन्स म्हणून जी रक्कम फोनवर दिसते ती सगळ्यांचे देणे फिटल्यानंतरची, ग्राहकाची निव्वळ रक्कम असते. सेवा घेईपर्यंत कंपनीने त्या बदल्यात काहीच दिलेले नसते.

२०१६ नंतर चित्र पालटले. मिनिटामागे पैसे मोजायचे दिवस गेले आणि पॅकचे दिवस आले. आता बहुतेकांचे पैसे मेन बॅलन्समध्ये राहतच नाहीत. ते २८, ५६ किंवा ८४ दिवसांच्या व्हॅलिडिटीत आणि रोजच्या दीड-दोन जीबी डेटात रूपांतरित होतात. २८ दिवसांच्या पॅकमुळे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज मारावे लागतात, हे लोकांच्या लक्षात यायला थोडी वर्षे लागली. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार क्षेत्राच्या नियामकाने, ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा एक असे पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. २०२४ च्या डिसेंबरात, ज्यांना इंटरनेट नको आहे त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसेमेसचे वेगळे पॅक काढायला लावले. नियामकाने मनावर घेतले तर या व्यवहाराची घडी बदलता येते, याचे हे पुरावे आहेत. म्हणून शिल्लक दोन प्रकारची मानली पाहिजे: एक मेन बॅलन्समधली, जी पैशांत मोजलेली आहे, दुसरी पॅकमधली, जी दिवसांत आणि जीबीत मोजलेली आहे. दोहोंना एकच न्याय लावता येणार नाही.

मेन बॅलन्सविषयीचा आजचा नियम असा आहे. २०१३ साली ट्रायने ठरवून दिले, की ९० दिवसांपेक्षा कमी काळ वापर झाला नाही म्हणून प्रीपेड नंबर बंद करता येणार नाही, आणि त्यानंतरही बॅलन्स २० रुपये किंवा अधिक असेल तर नंबर बंद न करता त्यातून दर ३० दिवसांसाठी २० रुपयांपर्यंत शुल्क घेऊन तो चालू ठेवावा. हा नियम ग्राहकाच्या भल्यासाठीच केला गेला होता आणि गावी गेलेल्या, आजारी पडलेल्या, परदेशी असलेल्या असंख्य लोकांचे नंबर त्याने वाचवले, हे निःसंशय. आईच्या नंबरवरून गेलेले तीन वेळचे २० रुपये याच नियमाने गेले. मी कपाट उघडलेच नसते तर १६३ रुपये ४० पैशांतून असे आठ हप्ते गेले असते आणि ३ रुपये ४० पैसे उरल्यावर नंबर बंद झाला असता. त्या ३ रुपये ४० पैशांचे काय, आणि मी सिम बंद केल्यावर उरलेल्या १०३ रुपये ४० पैशांचे काय, याबाबत मात्र ग्राहकाच्या बाजूने बोलणारे कोणी नाही.

नंबर पोर्ट करताना तर हे उघडपणे लिहूनच घेतले जाते. २००९ च्या नियमावलीनुसार प्रीपेड ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला, की त्याचा पोर्टिंगच्या क्षणी उरलेला बॅलन्स रद्द होतो आणि हे आपल्याला मान्य असल्याचे त्याने आधीच कबूल केलेले असते. २०११ च्या जानेवारीत पोर्टिंगची सोय देशभर सुरू झाली, आणि अलीकडे दर महिन्याला एक कोटीहून अधिक लोक त्यासाठी अर्ज करतात. यांतल्या प्रत्येकाच्या मागे दोनच रुपये राहिले असे केवळ गणितापुरते मानले, तरी महिन्याला दोन कोटी रुपये होतात. कोणाचेही फारसे नुकसान न होता एवढी रक्कम एका खिशातून दुसऱ्या खिशात जाऊ शकते, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो.

कंपन्यांच्या बाजूने पहिला युक्तिवाद असा केला जातो, की बॅलन्स म्हणजे पैसे नव्हेतच. ती आगाऊ विकत घेतलेली सेवा आहे, आणि एसटीचे तिकीट काढून गाडी चुकवली तर दोष प्रवाशाचा. हा युक्तिवाद पॅकच्या बाबतीत बराचसा खरा आहे. अठ्ठावीस दिवसांची सेवा ठरावीक किमतीला घेतली, पंचवीस दिवस वापरली, तर तीन दिवसांचे पैसे मागणे मला योग्य वाटत नाही. पण मेन बॅलन्सला तो लागू पडत नाही. तिकिटावर गाडी ठरलेली असते, मेन बॅलन्सवर कोणतीच गाडी ठरलेली नसते. तो पैशांत मोजला जातो, पैशांत वजा होतो, पैशांत दाखवला जातो.

शेजारच्याच व्यवहाराशी तुलना केली म्हणजे फरक ढळढळीत दिसतो. मोबाईलमधल्या वॉलेटमध्ये आपण पैसे भरतो, तेही आगाऊच असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वॉलेटची मुदत किमान एक वर्षाची असावी लागते, मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सावध करावे लागते, मुदत संपल्यावरही तीन वर्षे ती शिल्लक कंपनीला आपल्या नफ्या-तोट्याच्या खात्यात ओढता येत नाही, आणि ग्राहक मागायला आला तर ते पैसे त्याच्या बँक खात्यात परत करावे लागतात. एकाच फोनमध्ये एकाच माणसाने भरलेले दोन शंभर रुपये, एकाला एवढे संरक्षण आणि दुसऱ्याला काहीच नाही. त्यामागे मला तत्त्व दिसत नाही. दोन वेगळे नियामक आहेत, एवढेच कारण दिसते.

हिशेबशास्त्राची साक्षही काढता येईल. २०१८ पासून लागू असलेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकात, ग्राहकाने पैसे भरून न वापरलेल्या हक्कांचे काय करायचे याची तरतूद आहे. ग्राहक तो हक्क वापरणार नाही असा अंदाज बांधता आला, की ती रक्कम कंपनीला उत्पन्न म्हणून दाखवता येते. पण त्याच मानकात पुढे असेही म्हटले आहे, की दावा न केलेल्या रकमा कायद्याने सरकारला किंवा अन्य कोणाला द्यायच्या असतील तर त्या उत्पन्न नव्हेत, देणे आहेत. म्हणजे उरलेला बॅलन्स हा कंपनीचा नफा की ग्राहकाचे देणे, हे ठरवण्याचे काम लेखापालांनी कायद्यावर सोडले आहे.

इतर देशांत कायदा बोललेला आहे. इटलीत २००७ साली मंत्री बेर्सानी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने प्रीपेड रिचार्जवरचे वेगळे शुल्क बंद केले आणि भरलेल्या बॅलन्सला मुदत घालण्यास मनाई केली. जर्मनीत २००६ साली म्युनिकच्या उच्च न्यायालयाने, ठरावीक काळानंतर प्रीपेड बॅलन्स जप्त करणारे करारातले कलम अवैध ठरवले. इटलीचे उदाहरण मला दुहेरी महत्त्वाचे वाटते, कारण त्या देशात मोबाईलच्या बॅलन्समधून दान करण्याची रीतही चांगली रुजलेली आहे. २००९ साली लाक्विला शहराला भूकंपाचा तडाखा बसला, तेव्हा लोकांनी एका एसेमेसमागे एक युरो या हिशेबाने मदत पाठवली. तिथले बहुसंख्य फोन प्रीपेड असल्याने ती मदत त्यांच्या भरलेल्या बॅलन्समधूनच गेली. दोन गोष्टींपैकी एकीमुळे दुसरी घडली असे मी म्हणणार नाही, पण त्या तिथे शेजारी शेजारी नांदतात हे खरे. २०१० च्या हैती भूकंपानंतर अमेरिकेतल्या लोकांनी एसेमेस करून दहा-दहा डॉलर दिले आणि तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली, हे उदाहरण नेहमी सांगितले जाते. परंतु ते पैसे महिन्याच्या बिलात जोडले जात होते. आपल्या प्रश्नाला ते पुरेसे लागू होत नाही.

आता दानाकडे वळतो. माझी सर्वांत मोठी भीती अशी आहे, की ही कल्पना एखाद्या कंपनीने उचललीच तर ती सोयीच्या रूपात उचलेल: बंद पडलेल्या नंबरांवरचा बॅलन्स गोळा करायचा, एखाद्या संस्थेला मोठा धनादेश द्यायचा आणि आपल्या नावाने छायाचित्र छापून आणायचे. यालाच मराठीत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ग्राहकाच्या उरलेल्या बॅलन्समधून दिलेला एकही रुपया या दोन टक्क्यांत धरला जाता कामा नये, हे नियमात स्पष्ट शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. तसे नसेल तर ग्राहक दान करील आणि कंपनीचे कर्तव्य फिटेल.

दुसरी भीती संमतीची आहे. ज्यांनी २०१० च्या आसपास प्रीपेड फोन वापरला आहे त्यांना आठवत असेल, की न मागितलेली कॉलर ट्यून, राशिभविष्य आणि क्रिकेटचे निकाल आपोआप सुरू होत आणि बॅलन्स रोज थोडा थोडा कापला जाई. आमच्या शेजारच्या काकूंना इंग्रजी मेसेज वाचता येत नसे. त्यांना वाटे आपणच फार बोलतो, आणि त्या माहेरी फोन करणे टाळू लागल्या होत्या. अखेर २०१३ साली ट्रायने अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणे आणि १५५२२३ या एकाच नंबरवरून त्या बंद करण्याची सोय देणे सक्तीचे केले. दानालाही हीच शिस्त हवी. रिचार्ज करताना आधीच खूण केलेली चौकट ठेवायची आणि ज्याला नको त्याने ती काढायची, अशी पद्धत मला दानाच्या बाबतीत निषिद्ध वाटते. मागितले मराठीत जावे, दोनदा विचारले जावे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला तिसऱ्यांदा विचारले जाऊ नये.

इतक्या बारीकसारीक रकमांचा एवढा व्याप परवडेल का, असा आक्षेप येईल. यूपीआयवरून आज एक-एक, दोन-दोन रुपये खात्यात जमा होतात, तेव्हा तंत्रज्ञानाची अडचण उरलेली नाही. आणि लहान रकमांना मोल नसते हे तर महाराष्ट्राला सांगूच नये. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत ‘पैसा फंड’ उभा केला, लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला आणि १९०८ साली त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहातल्या मुलांसाठी मुष्टिफंड चालवला. दळण-कांडण करताना घराघरांतली बाई एक मूठ धान्य बाजूला काढी. या दोन्ही उपक्रमांतली रक्कम लहान होती, पण देणाऱ्याला आपण दिले हे ठाऊक होते. ती मूठ तिच्या हाताने निघत होती. कणगीतले धान्य तिला न विचारता नेले असते, तर मुलांची पोटे तशीच भरली असती, पण तो मुष्टिफंड राहिला नसता.

पॅकमधल्या शिल्लकीचा विचार वेगळा करावा लागेल, आणि इथे मला रोख रकमेपेक्षा वस्तुरूप दानाची बाजू अधिक बळकट वाटते. ऑस्ट्रेलियात ऑप्टस कंपनीने २०१९ मध्ये आपल्या ग्राहकांना न वापरलेला डेटा गरजू कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांना देण्याची सोय केली. वापर न झालेल्या डेटाचे पैसे करा म्हटले तर वाद होईल. पण डेटाच्या बदल्यात डेटा आणि दिवसांच्या बदल्यात दिवस देणे कंपनीला जड नाही, कारण ती क्षमता तिने विकून झालेलीच असते.

याची गरज कुठे आहे, ते मी बीड जिल्ह्यातल्या एका हंगामी वसतिगृहात पाहिले. ऊसतोडीला आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेले, की त्यांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातच ही वसतिगृहे चालवली जातात. तिथल्या गुरुजींकडे एक वही होती. मुलाचे नाव, बापाचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात मुकादमाचा नंबर. हंगाम सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि बापांच्या नंबरांपैकी कितीतरींच्या पुढे पेन्सिलने ‘बंद’ लिहिलेले होते. गुरुजी म्हणाले, फडावर गेल्यावर पहिला रिचार्ज संपेपर्यंत फोन लागतो. पुढे आऊटगोइंग जाते, मग इनकमिंगही जाते, आणि मुलाला ताप आला तरी निरोप मुकादमामार्फत द्यावा लागतो. चौथीतली एक मुलगी त्या वहीत आपल्या वडिलांचा नंबर कोणत्या पानावर आहे हे पाठ म्हणून दाखवत होती. तिच्या नंबरापुढेही पेन्सिलचा तो शब्द होता. शहरात माझ्या फोनवर दर मध्यरात्री एक-दीड जीबी डेटा विरून जातो, आणि तिच्या वडिलांना महिनाभर फक्त इनकमिंग चालू राहिले तरी पुरे आहे. ही दोन टोके जोडणारी सोय कंपन्यांच्या संगणकात बसवता येण्याजोगी आहे. वसतिगृहाच्या यादीतले नंबर शाळेने प्रमाणित करून द्यावेत, आणि त्या नंबरांची व्हॅलिडिटी दात्यांच्या शिल्लकीतून वाढत राहावी. असे दान रोकड नसल्याने कोणाला मधल्या मधे काढूनही घेता येणार नाही.

राहिला प्रश्न ज्या शिल्लकीवर कोणीच दावा करत नाही तिचा. तिच्यासाठी नवी वाट शोधायची गरज नाही. बँकांमध्ये दहा वर्षे पडून राहिलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात, आणि तिथे गेल्यानंतरही ठेवीदार किंवा त्याचे वारस त्या मागू शकतात. अल्पबचत, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांतल्या बेवारस रकमांसाठी २०१५ च्या वित्त कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी उभारला. खुद्द दूरसंचार क्षेत्रातही २००७ पासून ट्रायचा ग्राहक शिक्षण व संरक्षण निधी आहे. जादा आकारलेले आणि परत न करता आलेले पैसे, तसेच ग्राहकांनी न नेलेल्या अनामत रकमा कंपन्यांना त्यात भराव्या लागतात. या यादीत ‘बंद झालेल्या प्रीपेड नंबरवरील शिल्लक’ एवढे शब्द वाढवले, की मूळ प्रश्न सुटतो: ती रक्कम देणे ठरते, उत्पन्न ठरत नाही. त्या क्षणापासून दात्याचे दान आणि कोठावळ्याच्या पोटात दुखणे, हा प्रकारही संपेल, कारण कोठाराची किल्ली कोठावळ्याकडे राहणारच नाही.

माझी मागणी म्हणून तीनच ठिकाणी बदल सुचवणारी आहे. नंबर पोर्ट करताना, सिम बंद करताना आणि ग्राहकाच्या मृत्यूनंतर वारसाने दाखला दिल्यावर, ‘उरलेली शिल्लक रद्द होईल’ या वाक्याच्या जागी प्रश्न यावा: बँक खात्यात परत, नव्या नंबरवर जमा, की दान. दान निवडले तर कोणत्या संस्थेला, हे ग्राहकाने ठरवावे. पूर्ण रक्कम कपातीविना जावी. आणि पावती ग्राहकाच्या नावाने यावी. कोणताच पर्याय न निवडलेल्या रकमा वर म्हटलेल्या निधीत जाव्यात आणि कंपनीनिहाय आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावेत. ट्राय आपले मसुदे जाहीर करून कोणाही नागरिकाचे म्हणणे मागवते; ग्राहक संरक्षणाच्या नियमावलीचा पुढचा मसुदा निघेल तेव्हा हे तीन बदल त्यात आहेत का, हे ग्राहक पंचायतींनी आणि आपण प्रत्येकाने पाहावे आणि नसतील तर लेखी कळवावे.

वाचनालयाला आम्ही भावंडांनी आईच्या नावे वर्गणी भरली. पावतीवर तिचे नाव आहे. ती भरताना १०३ रुपये ४० पैसे वेगळे मोजून द्यावेत असे माझ्या मनात होते, पण ते आमच्या खिशातले झाले असते, तिचे नसते. म्हणून मी नेहमीची गोल रक्कम भरली.